मांडव सावलीचा हवा, भट्टीचा नको

ऊन तापू लागले की अंगणात चार बांबू रोवून घरच्या घरी मांडव उभा राहतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची दुपार तिथेच जाते. प्रश्न उरतो तो वर काय घालायचे याचा.

टिकाऊ म्हणून अनेकजण पत्रा घालतात. पण तापलेला पत्रा उष्णता खाली फेकतो. सावलीत बसूनही डोके तापते. ताडपत्री ऊन अडवते, पण गरम हवाही कोंडून ठेवते. हवा त्वचेहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, गरम झाली की अंग थंड ठेवायला घाम वाळणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी वारा खेळता हवा.

म्हणून हिरवी शेडनेट बरी. तिचा टक्का म्हणजे ती किती उजेड अडवते ते. ५० टक्क्यांची जाळी निम्मे ऊन आत सोडते. बसण्यासाठी ७५ ते ९० टक्क्यांची घ्यावी. मांडव उंच बांधावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पत्रा आधीच असेल तर त्यावर तुराट्या किंवा पाचट पसरावे. मात्र चूल, विडी दूर ठेवावी. पावसाळ्यात दोडक्याचा वेल चढवला तर पानेच सावली धरतात.

सावलीतही उष्माघात होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग फार तापले तर अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.