पदराची गाठ आणि तीन कामांची चिठ्ठी

एक वाक्य गटांच्या बैठकीत मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. "ताई, दिवसभर पायाला भिंगरी असते, पण रात्री पाठ टेकली की वाटतं, आज केलं काय? काहीच नाही."

केलेलं असतं, भरपूर केलेलं असतं. पण भाकरी खाऊन संपते, घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात, झाडलेल्या अंगणात संध्याकाळी परत पाचोळा पडतो. हे काम दिसत नाही. आणि जे राहून जातं ते मात्र डोळ्यांपुढे उभं राहतं: बँकेत केवायसीचे कागद द्यायचे होते, मुलीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज करायचा होता, आठ दिवसांपासून चक्कर येतेय म्हणून रक्त तपासायचं होतं.

आपल्या आज्या पदराला गाठ मारायच्या. बाजारातून हिंग आणायचा असला की गाठ. गाठ हाताला लागली की हिंग आठवायचा. शहरातल्या ऑफिसात ज्याला टू-डू लिस्ट म्हणतात, ती दुसरं काय असते? फक्त एक लक्षात घ्या, एका पदराला दहा गाठी कोणी मारत नव्हतं. दहा गाठी मारल्या तर कुठली कशाची हेच कळायचं नाही.

म्हणून आपल्या चिठ्ठीवर कामं तीनच. तीनच का? कारण आपला बाकीचा दिवस आधीच भरलेला आहे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि पुरुषाचे ९७. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास, त्यांचा दीड तासाहून थोडा जास्त. शिवाय शेतातलं काम, मजुरी, गोठा हे वेगळंच. त्यावर बारा कामांची यादी करणं म्हणजे रात्र थोडी आणि सोंगं फार.

स्वयंपाक, पाणी, धारा, धुणं चिठ्ठीवर लिहू नका. ते लिहिलं नाही तरी होणारच आहे. चिठ्ठी असते ती न लिहिल्यास निसटणाऱ्या कामांसाठी. ज्याला मुदत आहे ते पहिलं. गटाच्या कर्जाचा हप्ता घ्या. तारीख चुकली तर व्याजाची सवलत हातची जाऊ शकते, आणि तो फटका एकीला नाही, दहाजणींना बसतो. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस द्यायची असते, आणि अंगणवाडीत लसीकरण ठरलेल्या दिवशीच असतं. पिकाच्या विम्याची, ई-पीक पाहणीची मुदत असते. दुसरं काम कमाईचं धरा: मसाल्याची ऑर्डर, शेळीचं औषध, पापडाची उधारी मागणं. आणि तिसरं तुमचं स्वतःचं. या तिसऱ्यावर मी अडून बसते, कारण घरात ओढाताण झाली की पहिलं खाली घसरतं ते बाईचं काम. हिमोग्लोबिन तपासायचं असेल, मशीनवर नवा ब्लाउज शिवून बघायचा असेल, काहीही असो, पण चिठ्ठीवर ते असलं पाहिजे.

लिहायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. नुसतं "बँक" लिहिलं तर ते काम नाही, ती काळजी आहे. "सकाळी ११ वाजता बँकेत, आधार आणि पासबुक घेऊन, हप्ता भरणे" हे काम झालं. अमेरिकेतल्या मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं आणि हातातल्या कामात लक्ष लागू देत नाही, हे त्यांना दिसलं. पण ते काम नेमकं कसं करायचं एवढं ठरवलं, तरी घोळणं थांबलं. काम व्हायच्या आधीच! रात्री दोन वाजता हप्ता आठवून जाग येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि बँकेत जायच्या आधी वार बघा, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.

लिहिता येत नसेल तर? चित्र काढा. बँकेला चौकोन, दवाखान्याला अधिकची खूण, शेळीला दोन शिंगं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब आणि गॅस लावल्याची तारीख लिहितोच, त्याच घरात तीन खुणाही मावतात. चिठ्ठी रात्री आवराआवर झाल्यावर करा. सकाळी चूल पेटली की डोकं आपलं राहत नाही. मजुरीला जाणाऱ्या बायांचा दिवस तर मुकादमाच्या हातात असतो, त्यांनी एकच काम लिहावं, सुट्टीच्या दिवशी दोन.

चिठ्ठी घरात सगळ्यांना दिसेल अशी लावा. "मला मदत करा" म्हटलं तर कोणी हलत नाही, असा माझा अनुभव आहे. "यातलं दुसरं काम तुम्ही तालुक्याला जाताना करता का?" असं विचारलं तर निदान उत्तर द्यावं लागतं.

एखादं काम तीन दिवस तसंच पुढे सरकत असेल तर ते पुन्हा तसंच लिहू नका. बहुतेक वेळा ते फार मोठं असतं. "दाखला काढणे" हे एका दिवसाचं काम नव्हेच. आज शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा, उद्या झेरॉक्स, परवा सेवा केंद्र. आणि कधी कधी ते काम करायचंच नसतं, कोणीतरी आपल्यावर ढकललेलं असतं. मग सरळ खोडून टाका.

सात दिवस करून पाहा आणि चिठ्ठ्या फेकू नका, बैठकीला घेऊन या. एकच काम चौघींच्या चिठ्ठीवर दिसलं, आणि त्याला प्रत्येकीनं स्वतः हजर राहायची गरज नसेल, तर तालुक्याला चार फेऱ्या कशाला? एकीनं चौघींचे कागद न्यावेत, बाकी तिघींनी तिच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे वाटून घ्यावेत. आणि त्या दिवशी तिच्या शेळ्या कोण सोडणार, तेही तिथंच ठरवून टाका.