पशुवैद्यकीय संशोधनलेख : मूल्यमापन व प्रकाशन

पशुवैद्यकीय संशोधनलेख : प्राण्यांचे रोग, त्यांचे निदान, उपचार व प्रतिबंध, तसेच प्रजनन व पोषण यांविषयीच्या नव्या निरीक्षणांचा किंवा प्रयोगांचा, इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने लिहिलेला वृत्तांत म्हणजे पशुवैद्यकीय संशोधनलेख होय. असा लेख त्या विषयाला वाहिलेल्या नियतकालिकात तज्ञांच्या परीक्षणानंतर प्रसिद्ध होतो. त्यातील निष्कर्षांच्या आधारे औषधाची मात्रा, लस टोचण्याची वेळ व शासनाची रोगनियंत्रण योजना ठरत असल्यामुळे लेखातील चुकीचा भार शेवटी पशुपालकावर पडतो. एका-दोन दुभत्या जनावरांवर ज्या कुटुंबाचा निर्वाह चालतो, त्याला निरुपयोगी औषधाचा खर्च व जनावराची हानी ही दोन्ही सोसावी लागतात. म्हणून प्रसिद्ध लेखाचे मूल्यमापन करणे व स्वतःचा लेख प्रकाशनार्थ सादर करणे या दोन्ही कामांना सारखेच निकष लागू पडतात.

इतिहास : लीयाँ (फ्रान्स) येथे १७६१ मध्ये पहिले पशुवैद्यकीय विद्यालय स्थापन झाले आणि या शास्त्राला स्वतंत्र स्थान मिळू लागले. लंडन येथे १८२८ मध्ये द व्हेटरिनेरियन व १८८८ मध्ये व्हेटरिनरी रेकॉर्ड ही नियतकालिके सुरू झाली. भारतात मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. पुणे येथे १८८९ मध्ये इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ही प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. इंडियन व्हेटरिनरी जर्नल हे नियतकालिक १९२४ मध्ये मद्रास येथे सुरू झाले. इंडियन जर्नल ऑफ व्हेटरिनरी सायन्स अँड ॲनिमल हसबंडरी हे १९३१ मध्ये निघाले व १९६९ पासून ते इंडियन जर्नल ऑफ ॲनिमल सायन्सेस या नावाने प्रसिद्ध होऊ लागले.

बुळकांड्या या रोगाचे निर्मूलन हे प्रकाशित संशोधनाच्या उपयुक्ततेचे ठळक उदाहरण होय. मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी १९२०–३० या दशकात या रोगाचा विषाणू शेळ्यांमध्ये वारंवार संक्रमित करून तो गुरांसाठी सौम्य केला. ही कृती इतरांना जशीच्या तशी करता आली, म्हणूनच तिच्या आधारे ठिकठिकाणी लसनिर्मिती होऊ शकली. भारताला २००६ मध्ये या रोगापासून मुक्त असल्याची मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले.

भोर व वेल्हे परिसर : पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे (राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या रांगांत वसलेले असून तेथे भरपूर पाऊस, भातखाचरे, डोंगरउतारांवरील चराऊ राने आणि भाटघर, नीरा-देवघर, पानशेत व गुंजवणी यांसारखे जलाशय आहेत. नीरा नदीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८) असून नमुन्यांच्या तपासणीसाठी पुण्यातील औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. अशा प्रदेशातील दवाखान्यात काम करणाऱ्या पशुवैद्यापुढे येणारे प्रश्न कोणते, त्यांतून संशोधनलेख कसा घडतो आणि तो कोठे फसतो, हे यकृत-पर्णकृमीच्या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

फॅसिओला जायगँटिका हा पर्णकृमी गुरे, म्हशी, शेळ्या व मेंढ्या यांच्या यकृतात राहतो. त्याच्या जीवनचक्राचा काही भाग गोड्या पाण्यातील गोगलगाईंमध्ये पुरा होतो व नंतर तो पाणवनस्पती आणि गवत यांवर चिकटून जनावराच्या पोटात जातो. भातखाचरांचे बांध व पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ही म्हणूनच संसर्गाची ठिकाणे ठरू शकतात. जनावर खंगते, दूध कमी होते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते. या लक्षणांचे कारण पर्णकृमीच आहे व अमुक औषध त्यावर गुणकारी आहे, असे सांगणाऱ्या लेखाची पारख पुढील मुद्द्यांवर करावी लागते.

मूल्यमापनाचे निकष : (१) निदानाची खात्री. शेणाच्या तपासणीत यकृत-पर्णकृमीची अंडी पिवळसर सोनेरी दिसतात, तर रोमंथिकेतील (रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील) पर्णकृमीची अंडी आकाराने तशीच पण जवळजवळ रंगहीन असतात. दोहोंतील भेद कसा केला, हे लेखात नसल्यास पुढील आकडे व्यर्थ होत. शिवाय संसर्गानंतर अंडी शेणात दिसू लागण्यास सु. तीन ते चार महिने लागतात. त्यामुळे अंडी न सापडणे म्हणजे कृमी नसणे असे नाही.

(२) नमुन्याचा आकार व निवड. केवळ दवाखान्यात आणलेली जनावरे तपासली, तर आजारी जनावरांचेच प्रमाण अधिक भरते व तो आकडा तालुक्याचा म्हणता येत नाही. तीस जनावरे तपासून एकही बाधित आढळले नाही, तरी खरे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता उरते. एकाच गोठ्यातील जनावरे एकाच ठिकाणी चरतात व एकच पाणी पितात. त्यामुळे एका गोठ्यातील दहा जनावरे ही दहा गोठ्यांतील दहा जनावरांइतकी माहिती देत नाहीत.

(३) तुलनागट. पावसाळ्यात व त्यानंतर हिरवा चारा मुबलक झाला की, औषध न देताही जनावरांची प्रकृती सुधारते. समजा, औषध दिलेल्या गटात शेणाच्या एका ग्रॅममधील अंड्यांची सरासरी ४० वरून १० वर आली, तर घट ७५ टक्के दिसते. परंतु औषध न दिलेल्या गटातही ती ४० वरून २० वर आली असेल, तर औषधाचा खरा परिणाम ५० टक्केच ठरतो. कोणते जनावर कोणत्या गटात जावे हे चिठ्ठ्या टाकून किंवा तत्सम यादृच्छिक रीतीने ठरवावे लागते, तसेच अंडी मोजणाऱ्यास गट माहीत नसणे इष्ट असते.

(४) चाचणीची विश्वसनीयता. एखादी नवी रक्तचाचणी बाधितांपैकी ९० टक्के ओळखते व निरोगी जनावरांपैकी ९० टक्के निरोगी ठरविते, असे मानू. हजार जनावरांत १०० बाधित असतील, तर ९० बाधित व ९० निरोगी अशी १८० जनावरे ‘बाधित’ ठरतील, म्हणजे निम्म्या जनावरांना उगाच औषध दिले जाईल. ज्या भागात रोगाचे प्रमाण कमी तेथे ही चूक अधिक वाढते. म्हणून एका प्रदेशातील निष्कर्ष दुसऱ्या प्रदेशास तसेच लावता येत नाहीत.

(५) व्यवहार्यता. औषधाचा अंश दुधात किती दिवस उतरतो, किती दिवस दूध वापरू नये, औषधोपचाराचा खर्च किती व पुन्हा संसर्ग किती काळात होतो, यांचा उल्लेख नसलेला लेख शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष असला, तरी पशुपालकाच्या दृष्टीने अपुरा राहतो.

नीतिविषयक व कायदेशीर बाबी : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम (१९६०) व त्याखालील प्राण्यांवरील प्रयोगांविषयीचे १९९८ चे नियम यांनुसार प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणिनीतिविषयक समितीची पूर्वमान्यता लागते. पशुपालकांच्या जनावरांवरील चाचणीत मालकाला कळेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची लेखी संमती घेतात. धनगर व इतर पशुपालकांकडील वनौषधींची माहिती वापरल्यास तिचे श्रेय त्यांना देणे आवश्यक असते. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाविषयीच्या २००९ च्या अधिनियमानुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच शासकीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक आहे. लेख प्रसिद्ध होईपर्यंत अशी माहिती दडवून ठेवता येत नाही. लंपी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला व २०२२ मध्ये महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरला. अशा रोगात काही आठवड्यांचा विलंबही महाग पडतो.

लेखाची रचना व सादरीकरण : लेखात सारांश, प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्पत्ती, चर्चा आणि संदर्भ असे भाग असतात. पद्धतीचा भाग इतका तपशीलवार हवा की, दुसऱ्या पशुवैद्याला तोच प्रयोग करता यावा. त्यासाठी जनावरांची जात, वय, गावाची उंची, ऋतू, औषधाची मात्रा व देण्याची रीत ही नोंदावी लागतात. प्राणिप्रयोगांच्या वृत्तांतासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वे अनेक नियतकालिके पाळावयास लावतात. एक-दोन रुग्णांवरील निरीक्षणे रुग्णवृत्तांत या स्वरूपात स्वीकारली जातात. ग्रामीण पशुवैद्याला हा प्रकार सर्वांत सुसाध्य असतो, मात्र त्यावरून उपचाराच्या गुणकारितेचा सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही.

नियतकालिक निवडताना त्याचा विषय, वाचकवर्ग, संपादक मंडळ व परीक्षणाची पद्धत पाहावी. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचविलेल्या कल्पनेतून पुढे आलेला प्रभावांक हा नियतकालिकाचा सरासरी निर्देशक असून त्यावरून एकट्या लेखाची योग्यता ठरत नाही. भारतात राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमी नियतकालिकांना गुणांक देते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे निवडीची जबाबदारी संस्था व लेखक यांच्यावर अधिक आली आहे.

सादर केलेला लेख संपादक प्रथम स्वतः तपासतो व नंतर दोन किंवा अधिक तज्ञांकडे पाठवितो. स्वीकार, किरकोळ वा मोठी दुरुस्ती आणि अस्वीकार असे निर्णय संभवतात. परीक्षकाच्या प्रत्येक आक्षेपास क्रमवार उत्तर देणे, दुरुस्ती केली नसल्यास कारण सांगणे हा शिष्टाचार होय. एक लेख एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. प्रत्यक्ष काम केलेल्यांचीच नावे लेखक म्हणून असावीत. नमुने गोळा करणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकासारख्या साहाय्यकांचा उल्लेख आभारात करतात, मात्र त्यांचा सहभाग पुरेसा असेल, तर लेखकांत त्यांचे नाव न घालणे हा अन्याय ठरतो.

फसवी नियतकालिके : शुल्क घेऊन परीक्षणाविनाच लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा उपद्रव एकविसाव्या शतकात वाढला. जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम गंभीर दोष ठेवलेला एक बनावट लेख मुक्तप्रवेशी नियतकालिकांकडे पाठविला असता, निम्म्याहून अधिक नियतकालिकांनी तो स्वीकारल्याचे २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही दिवसांत स्वीकृतीची हमी, विषयांची अमर्याद व्याप्ती व संपादकांचा अस्पष्ट पत्ता ही अशा नियतकालिकांची लक्षणे होत. पदोन्नतीसाठी लेखांची संख्या मोजली जाते तेथे त्यांना विशेष वाव मिळतो.

निष्कर्षांचा प्रसार : संशोधनलेख बहुधा इंग्रजीत असतो व ज्यांच्या जनावरांवर पाहणी झाली त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्यामुळे पाहणीचे निष्कर्ष, औषध निरुपयोगी ठरले असल्यास तेही, सोप्या मराठीत ग्रामपंचायत, दूध संस्था व पशुवैद्यकीय दवाखाना यांच्यामार्फत पशुपालकांना कळविणे हे संशोधनाचेच अंग समजले पाहिजे. अनुकूल निष्कर्ष तेवढे छापले जातात व प्रतिकूल तसेच पडून राहतात, तेव्हा तेच निरुपयोगी औषध शेजारच्या तालुक्यात पुन्हा वापरले जाते. या कारणास्तव नकारात्मक निष्कर्षांचे प्रकाशनही तितकेच महत्त्वाचे आहे.