घाटात ऑटोमॅटिक गाडी: गिअर हाताने कधी टाकायचा, गिअरबॉक्स कसा टिकवायचा?

वाई, जावळी, महाबळेश्वर, पाटण या तालुक्यांत आता ऑटोमॅटिक गाडीचं नवल राहिलेलं नाही. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये स्वस्तातला एएमटी गिअरबॉक्स आणला. तोपर्यंत ऑटोमॅटिक म्हणजे शहरातल्या बड्या लोकांची गाडी, असाच समज होता. आता गावागावांत अशा गाड्या उभ्या दिसतात. क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही गाडी चालवता येते.

पण ती चालवायची कशी, हे नीट कोणी सांगत नाही. शोरूममध्ये ‘डी वर टाका आणि निघा’ एवढ्यावर काम भागतं. दांडीच्या बाजूला ‘एम’ आणि प्लस-मायनसची खूण असते. तिथे कित्येकांचा वर्षानुवर्षे हातसुद्धा जात नाही. सपाट रस्त्याला त्याने काही बिघडत नाही. पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली या घाटांत मात्र फरक पडतो. क्लच जळाला तर खर्च हजारांत जातो आणि गिअरबॉक्सच उघडावा लागला तर बोलणी लाखाची होतात. उतारात ब्रेक तापले तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

गाडीला पुढचं दिसत नाही

ऑटोमॅटिक गाडीचा कॉम्प्युटर तीन-चार गोष्टी बघून गिअर ठरवतो. वेग किती आहे, इंजिन किती फिरतंय, एक्सलेटर किती दाबलाय, ब्रेकवर पाय आहे का. पुढे वळण आहे, वळणानंतर उभा चढ आहे, समोर उसाच्या दोन ट्रॉल्या रांगत चालल्या आहेत, यातलं त्याला काही कळत नाही. ते तुम्हाला दिसतं.

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. जिथे तुम्हाला पुढचं दिसतंय आणि गाडीला दिसत नाही, तिथे गिअर हाताने टाका. बाकी रस्त्याला डी वर ठेवा आणि गाडीला तिचं काम करू द्या.

एम वर टाकल्याने गिअरबॉक्स खराब होतो ही भीती मनातून काढा. ती सोय कंपनीनेच दिलेली आहे. वेग जास्त असताना चुकून फार खालचा गिअर मागितला तर कॉम्प्युटर तो घेत नाही. मात्र एम वर चालवलं की गिअरबॉक्स आपोआप जास्त टिकतो, हेही खरं नाही. योग्य ठिकाणी वापरला तरच फायदा होतो.

आधी आपली गाडी कोणती ते बघा

ऑटोमॅटिक हे एकच नाव असलं तरी आतली यंत्रं चार प्रकारची आहेत.

एएमटी: सेलेरिओ, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, पंच यांत मिळतो. मारुती त्यालाच एजीएस म्हणते. आत साध्या गाडीचाच क्लच आणि गिअरबॉक्स असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. त्यामुळे साध्या गाडीसारखीच याचीही क्लच प्लेट झिजते आणि चुकीच्या सवयीने जळतेही.

टॉर्क कन्व्हर्टर: स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, थार, नव्या अर्टिगाच्या ऑटोमॅटिक गाड्यांत हा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं भांडं असतं आणि तेलाच्या जोरावर ताकद पुढे जाते. हा दणकट प्रकार, पण याचं सगळं आयुष्य तेलावर. तेल तापलं, जळलं की आतल्या प्लेटा जातात.

सीव्हीटी: होंडा सिटी, अमेझ यांत असतो. यात ठराविक गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यावर पोलादी पट्टा. यातल्या काही गाड्यांत हाताने गिअर बदलायची सोय असते, पण ते कॉम्प्युटरने पाडलेले टप्पे असतात. काहींत एम ऐवजी एल किंवा एस असतो. उतारात त्याचा उपयोग होतो.

डीसीटी: फोक्सवॅगन, स्कोडा, ह्युंदाई, किया यांच्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांत असतो. यात दोन क्लच असतात. गिअर झटपट बदलतो, पण रांगत्या गर्दीत आणि चढावर क्लच लवकर तापतो.

आपली गाडी यातली कोणती, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

चढ चढताना

गाडी डी वर असेल तर चढावर एक खेळ सुरू होतो. वेग थोडा वाढला की ती तिसरा टाकते. गाडी ओढत नाही म्हणून परत दुसरा. वळण संपलं की पुन्हा तिसरा. दर बदलाला क्लच किंवा आतल्या प्लेटा घासतात आणि उष्णता वाढते. घाट संपेपर्यंत हेच चालतं.

म्हणून घाटाच्या पायथ्यालाच एम वर या. दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात, जसा चढ असेल तशी गाडी धरून ठेवा. इंजिन मोकळं फिरलं पाहिजे. डिझेल गाडीत काटा साधारण २ हजारांच्या आसपास आणि पेट्रोलमध्ये ३ हजारांच्या आसपास राहिला तर चांगलं. गाडी धडधडायला लागली, एक्सलेटर दाबूनही उठेना झाली की मायनस करून खालचा गिअर घ्या. वरच्या गिअरमध्ये रेटत नेली तर डिझेल वाचत नाही, उलट इंजिन आणि गिअरबॉक्स दोघांवर ताण येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चढावर थांबावं लागलं तर एक्सलेटरवर गाडी तोलून धरू नका. एएमटी आणि डीसीटी गाड्यांचे क्लच जळण्याचं हे मोठं कारण आहे. पाय ब्रेकवर ठेवा. जास्त वेळ लागणार असेल तर हँडब्रेक ओढा आणि न्यूट्रल करा. निघताना हँडब्रेक सोडत-सोडत एक्सलेटर द्या.

उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर दोन-दोन फूट सरकू नका. थोडं अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा, परत थांबा. रांगताना क्लच अर्धवट पकडलेला असतो आणि तोच सगळ्यात जास्त झिजतो. जळका वास आला किंवा मीटरवर तापल्याची सूचना दिसली तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि गाडी निवू द्या. ‘आता दोनच वळणं राहिलीत’ म्हणून रेटू नका.

उतार उतरताना

भरलेली ट्रॉली घेऊन उताराला लागायच्या आधीच ट्रॅक्टरवाला खालचा गिअर टाकतो. उतार सुरू झाल्यावर गिअर शोधत बसत नाही आणि क्लच दाबून तर कधीच सोडत नाही. ऑटोमॅटिक गाडीलाही तोच नियम आहे. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

डी वर उतरताना एक्सलेटरवरचा पाय काढला की काही गाड्या वरचा गिअर टाकतात. मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, वेग वाढतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात, ब्रेकचं तेलही उकळू शकतं. मग पेडल खाली जातं, पण गाडी थांबत नाही.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी एम वर दुसरा किंवा तिसरा घ्या. आंबेनळीसारख्या अवघड वळणांना दुसराच बरा. सीव्हीटी गाडीत एल किंवा एस वापरा. इंजिनचा आवाज थोडा वाढेल, त्याला घाबरू नका. इंजिन गाडीला मागे ओढतंय, त्याचा तो आवाज आहे. तरीही वेग वाढला तर ब्रेक घट्ट दाबून वेग कमी करा आणि पाय सोडून द्या. पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवू नका.

काहीजण इंधन वाचवायला उतारात न्यूट्रल करतात. हे धोक्याचं तर आहेच, शिवाय इंधनही वाचत नाही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला की इंजिनला जाणारं इंधन जवळपास बंदच होतं, कारण इंजिनला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. आणि गाडी बंद करून उतरायचा विचारही करू नका. ब्रेकची हवा जाते आणि स्टेअरिंग जड होतं.

ओव्हरटेक करताना

एएमटी गाडी एक्सलेटर दाबल्यावर गिअर बदलायला क्षणभर अडखळते. समोरून गाडी येत असताना तो क्षणही महाग पडतो. म्हणून बाहेर निघायच्या आधीच मायनस करून खालचा गिअर घ्या, मग निघा. घाटातल्या वळणावर ओव्हरटेक करायचाच नाही, गाडी कुठलीही असो.

घाट संपला, सपाट रस्ता लागला की आठवणीने परत डी वर या. नाहीतर गाडी तिसऱ्यातच बोंबलत राहते.

रोजच्या सवयी

डी मधून रिव्हर्समध्ये टाकताना गाडी पूर्ण थांबवा. पुढे सरकत असतानाच आर टाकला तर सगळा झटका गिअरबॉक्स खातो.

उतारावर गाडी लावताना आधी ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, मग पी टाका. नुसता पी टाकून ब्रेक सोडला तर गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या खिट्टीवर येतं. बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतोच. त्या हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून बंद करायच्या असतात. रिकाम्या उतारावर चाकाला दगड लावायची आपली जुनी पद्धत आजही चांगलीच आहे.

न्यूट्रलमध्ये इंजिन गरगर फिरवून एकदम डी टाकू नका. थंडीत सकाळी गाडी चालू केली की लगेच पळवू नका. पहिले एक-दोन किलोमीटर आरामात जा, तेल सगळीकडे पोहोचू द्या.

चिखल, धक्का आणि दोरी

गावाकडे तीन गोष्टी हटकून होतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिली, चिखल. काळ्या रानात चाक रुतलं की लोक डी-आर, डी-आर करत गाडी हलवत राहतात. चाक जागेवर फिरतं आणि गिअरबॉक्स तापतो. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा. चाकाखाली दगड, पाचट, फळी टाका. काही गाड्यांत एम वर दुसऱ्या गिअरमध्ये उठवता येतं. त्याने चाक कमी घसरतं.

दुसरी, धक्का. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू करायची नाही. तेलावर चालणाऱ्या गिअरबॉक्सच्या गाड्या तशा चालू होतच नाहीत, आणि एएमटीला गिअर टाकायलाही बॅटरीच लागते. दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून चालू करा.

तिसरी, दोरी. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेऊ नका. इंजिन बंद असलं की टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये तेलाचा पंप बंद असतो. चाकं मात्र आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. छोटा बिघाड मोठा होतो तो इथे. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते ती चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी क्रेनवर घालून न्या.

तेलाचं काय?

‘या गिअरबॉक्सचं तेल बदलावंच लागत नाही’ असं सांगणारे भेटतात. त्यावर विसंबू नका. गाडीच्या पुस्तकात बघा. बऱ्याच पुस्तकांत अवघड वापरासाठी वेगळं वेळापत्रक असतं. डोंगर, धूळ, जास्त ओझं हे त्यात येतं आणि आपला रोजचा रस्ता तोच आहे. काढलेलं तेल काळपट असेल, जळका वास येत असेल तर ते आधीच बदलायला हवं होतं असं समजा.

तेल पुस्तकात लिहिलेल्या नंबरचंच टाका. सीव्हीटीचं, टॉर्क कन्व्हर्टरचं आणि एएमटीचं तेल वेगवेगळं असतं. एकाचं दुसऱ्यात टाकलं तर गिअरबॉक्स जातो. आणि पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर तेलात पाणी शिरलंय का, ते तपासून घ्या.

गिअर झटका देऊन पडायला लागला, इंजिन फिरतंय पण गाडी पुढे जात नाही, रिव्हर्स उशिरा लागतो, यातलं काही दिसलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. त्याच आठवड्यात गाडी दाखवा. आणि पुढच्या वेळी घाटाच्या पायथ्याला आलात की आधी दांडी एम वर घ्या.