नवाबाच्या रानात भाड्याची रात्र

रायगडच्या किनाऱ्यावर मुक्काम म्हटलं की बहुतेकांच्या मागण्या ठरलेल्या: समुद्र दिसणारी खोली, एसी आणि रात्री सुरमईचं ताट. याच किनाऱ्यामागच्या डोंगरात सरकार स्वतः एक जागा भाड्याने देतं, तिथे यातलं काहीच मिळत नाही. मुरुड तालुक्यातल्या सुपेगावला, फणसाड अभयारण्याच्या वेशीवर, वनखात्याचे तंबू आहेत. समुद्र इतका जवळ असूनही इथून दिसत नाही. दिसतात ती झाडं, झाडांमागे झाडं, आणि त्या सगळ्यांना विळखे घालून वर गेलेले वेल.

मुळात इथे जंगल उरलं आहे हेच नवल. धरमतरची खाडी ओलांडली की पुढे मुंबई. किनारपट्टीवर नारळी-पोफळीच्या वाड्या, डोंगरउतारांवर सरपणासाठी, कोळशासाठी, भाताच्या राबासाठी वर्षानुवर्षं तोड. तरीही पन्नासहून अधिक चौरस किलोमीटरचं रान टिकलं, कारण ते जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. हौस दरबाराची, म्हणून रयतेच्या कुऱ्हाडीला मज्जाव. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि 1986 मध्ये सरकारने इथे अभयारण्य जाहीर केलं. म्हणजे ज्या प्राण्यांना आज बंदुकीपासून संरक्षण आहे, त्यांचं घर बंदुकीच्या शौकानेच राखलं. रयतेला त्याची किंमत काय पडली असेल, हा हिशेब कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

पण वनखात्याने लोकांना राहायला जागा का द्यावी? याचं उत्तर घोड्यापाशी सापडतं. हिंदुस्थानात 1864 साली वनखातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख डीट्रिश ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या काळी साहेब घोड्यावरून रान तपासत फिरायचे आणि संध्याकाळी कुठेतरी टेकावं लागायचं, म्हणून जंगलाजंगलांत विश्रामगृहं उभी राहिली. मेळघाटातलं सिपना नदीकाठचं कोलकास आजही पर्यटकांना ठाऊक आहे. पुढे जीप आली, दिवसाची मजल तासाभरात होऊ लागली, आणि बंगल्यांचं मूळ कामच संपत गेलं.

गंमत म्हणजे अमेरिकेतही तेच घडलं. तिथली वनसेवा 1905 सालची. वनरक्षकांनी राहायला लाकडी खोपटी बांधली, वणवा दिसावा म्हणून डोंगरमाथ्यांवर टेहळणीच्या खोल्या उभारल्या. रस्ते आणि विमानं आली तशी त्यांतली कितीतरी रिकामी पडली. आज त्यांतली काही कुणालाही रात्रीच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. अलास्कातल्या टाँगस राष्ट्रीय वनातल्या काही खोपटांपर्यंत रस्ताच नाही. होडीने जायचं, नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं, वीज नाही, नळ नाही. आणि तरी लोक महिनोन्‌महिने आधी नाव नोंदवतात! आपल्याकडे मात्र विश्रामगृह म्हणजे साहेबाची जागा, ही सवय फार दिवस टिकली. मला सुपेगावच्या तंबूंचं कौतुक आहे ते त्यासाठीच. त्यांच्यामागे कुठलाही साहेब नाही.

तंबूच्या भाड्यात खरं मिळतं ते कान उघडणं. कापडी भिंतीतून सगळं ऐकू येतं. रात्री कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला तर ते भेकर असू शकतं. बिबट्याचा सुगावा लागला की ते असं ओरडतं. याच रानात हरणासारखी दिसणारी पिसोरी राहते. तिचं वजन जेमतेम तीन किलो. शिंगं नाहीत, नराला त्याऐवजी बारीक सुळे असतात. ती रवंथ करते, पण गाईसारखे पोटाचे चार कप्पे तिला पुरते लाभलेले नाहीत, तीनच आहेत. रवंथ करणाऱ्यांच्या कुळातली ही फार जुनी शाखा. ती दिसेल अशी आशा धरू नये, ती निशाचर आणि कमालीची बुजरी आहे.

सकाळी मान वर करावी. शेकरू, आपला राज्यप्राणी, जमिनीवर क्वचितच उतरतो. शेपटीसकट जवळपास मीटरभर लांबीचा हा जीव एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत झेप घेतो. एकाच शेकरूची अनेक घरटी असतात, तीही बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे जड शिकारी पोचू शकत नाही. फांद्यांना फांद्या भिडलेल्या हव्यात, तरच त्याचा रस्ता चालू राहतो. मधली चार झाडं तोडली की पूल पडल्यासारखं होतं.

पाणी ही इथली आणखी एक नवलकथा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मे महिन्यात प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर एकवटलेले. वरचा जांभा सच्छिद्र, उतार तीव्र. पाणी थांबतच नाही. जिथे थांबतं त्या जागांना इथले लोक ‘गाण’ म्हणतात: फणसाड गाण, चिखल गाण. रानातल्या सगळ्या पायवाटांची ओढ तिकडेच.

आता गारंबी. पेंडशांच्या कादंबरीतलं गाव नव्हे, ते दापोलीकडचं, हा महावेल. मांडीएवढं खोड झाडांच्या शेंड्यावर चढतं आणि मीटरभर किंवा त्याहूनही लांब शेंगा खाली लोंबतात. त्याच्या शास्त्रीय नावात, एन्टाडा रीडी, व्हान रीड हा डच माणूस दडलेला आहे. तो मलबारचा गव्हर्नर. त्याने तिथल्या वैद्यांना हाताशी धरून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ तयार करवला; तो 1678 ते 1693 दरम्यान प्रसिद्ध झाला. शेंगेचा एकेक कप्पा सुटा होतो, आत तपकिरी, चपटी, दगडासारखी कठीण बी. तिच्या दोन दळांमध्ये हवेची पोकळी असते, म्हणून ती बुडत नाही. ओढ्यात पडली तर खाडी, खाडीतून समुद्र, आणि महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहूनही ती रुजू शकते. म्हणूनच हा वेल पूर्व आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. सिद्दींचे पूर्वज ज्या आफ्रिकेतून आले तिथेही तो आहे. गारंबीला मात्र जहाज लागलं नाही.

तंबूत राहणाऱ्याला ही बी वाटेत सापडली, तर हातात घेऊन बघावी आणि तिथेच ठेवावी. अभयारण्यातून काहीही उचलून नेणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने मना आहे. तीच बी मुरुडच्या वाळूत, लाटेने आणून टाकलेली सापडली, तर ती मुळात कुठल्या रानातली, हे वनरक्षकालाही सांगता यायचं नाही.