केसांच्या तपासणीवरून काय कळते?

हल्ली केसांच्या तपासणीच्या जाहिराती दिसू लागल्या आहेत. डोक्याचे चिमूटभर केस पाठवा, शरीरात कोणते विषारी धातू साठले व कोणती खनिजे कमी पडली ते सांगतो, असे त्यांत म्हटलेले असते. अहवालाबरोबर महागड्या गोळ्यांची यादीही येते. काही शेतकरी बांधवांनी याविषयी विचारणा केली, म्हणून ही माहिती देत आहोत.

केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. वाढताना मुळाशी असलेल्या रक्तातून पारा व आर्सेनिक केसात शिरतात आणि तेथील गंधकयुक्त प्रथिनाला चिकटून राहतात. म्हणून १० सेंटिमीटर लांबीचा केस म्हणजे मागील दहा महिन्यांची नोंदवहीच होय.

ही नोंदवही इराक देशात उपयोगी पडली. १९७१ साली तेथे पेरणीसाठी परदेशातून गहू आला. त्याला पारायुक्त बुरशीनाशक लावलेले होते व ओळखण्यासाठी लाल रंग दिला होता. पोत्यांवरील सूचना परकी भाषेत होत्या. काही शेतकरी कुटुंबांनी रंग धुऊन त्या गव्हाच्या भाकरी केल्या. रंग गेला, पण विष राहिले. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागले. ६,५३० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, त्यांपैकी ४५९ दगावले. पुढे शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या केसांचे लहान तुकडे करून तपासले, तेव्हा कोणत्या महिन्यात पारा किती चढला व केव्हा उतरला हे स्पष्ट झाले.

आपल्याकडेही ऊस व बटाट्याच्या बेण्याला लावण्याचे मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड हे पारायुक्त औषध होते. सरकारने २०१८ साली त्यावर बंदी घातली. कोणाकडे जुना डबा पडून असल्यास तो उघडू नये. रयत संपर्क केंद्रात विचारावे. औषध लावलेले कोणतेही बियाणे उरले तर ते धुऊनसुद्धा खाऊ नये, कोंबड्यांना वा जनावरांना घालू नये.

मग प्रत्येकाने केस तपासून घ्यावेत काय? नाही. पाऱ्याच्या बाबतीत ही तपासणी भरवशाची आहे. खनिजांच्या बाबतीत तसे नाही. केसांना लावलेला रंग, शाम्पू, बोअरचे पाणी यांतील धातूही केसाला चिकटतात. आतून आलेला व बाहेरून लागलेला धातू वेगळा ओळखणे कठीण जाते. शिवाय कुपोषित मुलाचे केस सावकाश वाढतात, म्हणून जस्त कमी असूनही केसात ते पुरेसे दिसू शकते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांकडे पाठविले होते. कित्येक खनिजांच्या आकड्यांत दहापटींहून अधिक फरक आला आणि आहाराचे सल्लेही परस्परविरोधी निघाले.

आपण मातीपरीक्षण करतो ते वेगळे. कर्नाटकात २००९ साली सुरू झालेल्या भूचेतना योजनेत ठिकठिकाणच्या मातीत जस्त, बोरॉन व गंधक कमी आढळले. ते घातल्यावर पीक वाढते की नाही, हे शेतात पाहता आले. केसातील खनिजांच्या आकड्यांना असा पडताळा मिळालेला नाही.

तेव्हा शंका आल्यास योग्य तपासणी करावी. शिशासाठी रक्त तपासतात. आर्सेनिकसाठी लघवी, आणि त्याआधी पिण्याचे पाणी तपासावे. यादगीर जिल्ह्यातील किरदळ्ळी तांड्यावर पाण्यातच आर्सेनिक सापडले होते. लोह कमी वाटल्यास हिमोग्लोबिन पाहावे.

मूल अशक्त दिसत असेल तर त्याचे केस टपालाने दूर पाठवून अहवालाची वाट पाहू नये. त्याला रक्तक्षय, जंत किंवा क्षय असू शकतो, आणि वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. मुलाला सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. गोळ्यांच्या यादीवर जाणाऱ्या पैशांत घरात डाळ, अंडी, पालेभाजी व शेंगदाणे आणावेत, ही आमची विनंती आहे.