कपाटांच्या मधली भिंत

महाराष्ट्रातल्या जुन्या हायस्कूलचे ग्रंथालय १९८०च्या सुमारास कसे दिसे, हे तेव्हा शिकलेल्या कुणालाही सहज सांगता येईल. फिक्या पिवळ्या किंवा निळ्या डिस्टेंपरच्या भिंती, खाली कमरेएवढा गडद ऑइल पेंटचा पट्टा, वर तारेने पुढे झुकवून टांगलेल्या संतांच्या आणि नेत्यांच्या तसबिरी. मुलांच्या हातांनी भिंत मळू नये म्हणून तो पट्टा. दारासमोर पेंटरने रेखलेले ‘वाचाल तर वाचाल’ किंवा ‘ग्रंथ हेच गुरू’, आणि शेजारी ‘शांतता राखा’. उरलेली जागा लोखंडी कपाटांची. कपाटांना कुलपे.

त्या खोलीत एक जागा मात्र सतत बदलत असे, ती म्हणजे काचेच्या दाराचा फलक. नवी पुस्तके आली की बाइंडिंगला जात आणि परत येत ती जाड पुठ्ठ्यात, एकसारख्या कापडी पाठी घेऊन. पाठीवरच्या क्रमांकाशिवाय एक पुस्तक दुसऱ्यापासून ओळखू येत नसे. पण उतरवलेली मुखपृष्ठे जाणते ग्रंथपाल टाकून देत नसत. टाचण्या मारून ती फलकावर लावत. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रे खेड्यातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी. मुले काचेवर बोट टेकवून ‘हे द्या’ म्हणत, आणि चित्रामागचे पुस्तक लगेच हातात पडे. सजावट करतोय असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. तरीही शाळेच्या ग्रंथालयातल्या भिंतीने आजवर केलेले सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते, आणि पुढच्या चाळीस वर्षांत जे जे आले ते मी याच कामाशी ताडून पाहत आलो.

प्राथमिक शाळांत ग्रंथालयाची वेगळी खोली क्वचितच असे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा योजनेतून शाळांना इतर साहित्याबरोबर पुस्तकेही मिळाली, पण अनेक ठिकाणी ती पेटीतच राहिली. एखादे हरवले तर भरून कोण देणार, ही गुरुजींची भीती खरी होती. पुस्तके पेटीत आणि भिंत कोरी, अशीच बरीच वर्षे गेली.

मग आल्या बोलक्या भिंती. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये घरचा झाला. त्यामागे एक सुंदर विचार होता. दिल्लीच्या ‘विन्यास’ या संस्थेने युनिसेफच्या साथीने ‘बाला’ ही कल्पना मांडली होती: शाळेची इमारतच शिकण्याचे साधन करायची. दार उघडते तिथे फरशीवर कोन आखायचे, खिडकीच्या गजांतून आकार गिरवायला द्यायचे. मुलाने हात लावावा, मोजावे, गिरवावे, अशी ती रचना. प्रत्यक्षात तिच्यातले रंगकाम तेवढे सगळीकडे पोचले. पाढे, बाराखडी, मानवी पचनसंस्था, महाराष्ट्राचा नकाशा हे सारे वर्गात शोभते. ग्रंथालयाच्या भिंतीवरही तेच चढले आणि वाचायला आलेल्या मुलाला तिथेही पाठ्यपुस्तकच दिसू लागले.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, तिथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके हवीत, हे त्याच्या अनुसूचीतच आले. खोल्या निघाल्या, लोकवर्गणी जमली, माजी विद्यार्थ्यांनी रंगाचे डबे आणून दिले. त्या मायेचे मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण पेंटरसमोर नमुना म्हणून काय ठेवले होते? छोटा भीम, डोरेमॉन, मोटू-पतलू. कपाटात ताम्हनकरांचा गोट्या होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे होता. भिंतीवर यांतले कुणीच नाही. चित्र पाहून पहिलीतल्या पोराने विचारले, ‘याचं पुस्तक कुठंय?’ तर उत्तर नाही, कारण ते पुस्तक शाळेत नाहीच. या काळाबद्दल माझी सर्वांत मोठी हळहळ हीच आहे.

याच वर्षांत वारली चित्रांनी शाळांच्या भिंती व्यापल्या. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक लिहावा तो सुवासिनींनी, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळांना ती जवळची वाटली यात नवल नाही. दोन रंग पुरतात, टोकाशी टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणांतून माणूस उभा राहतो, चौथीतली मुलेही धीटपणे काढतात. पालघरच्या शाळेत तर भिंतीवर मुलाला आपलेच घर भेटते. पण वारली चित्रांतला तोच तारपा नाच विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात सगळीकडे उमटला तेव्हा वाटले, त्या त्या मातीतले काय झाले? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. चित्रांच्या पोथ्या उघडून रामायण-महाभारताच्या कथा सांगण्याची ती परंपरा. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र दाखवून गोष्ट सांगणारी ही कला ग्रंथालयाच्या भिंतीवर सर्वांत आधी यायला हवी होती. निदान सिंधुदुर्गात तरी.

४ मे २०१७ रोजी पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचे भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले. २५ ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत आणि देवळातही, पुस्तके मांडली गेली, आणि ‘स्वत्व’ या संस्थेच्या चित्रकारांनी भिंती रंगवल्या. ज्या घरात ज्या विषयाची पुस्तके, त्याच विषयाचे चित्र बाहेर. सहलीला गेलेले शिक्षक तिथून मोबाइलमध्ये फोटो भरून आणत. काहींनी चित्रे उतरवून घेतली. काहींना चित्र आणि पुस्तक यांची तिथे घातलेली सांगड दिसली, आणि त्यांच्या शाळांत पुढे खरा फरक पडला. २०१५पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होऊ लागला होताच. त्याच्या निमित्ताने भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून पुस्तके टांगण्याची रीतही पसरली. दोरीवर उघडे लटकलेले पुस्तक हीच सजावट, आणि ती खाली उतरवून वाचता येते.

साध्या गोष्टी शिकायला मात्र फार वेळ लागला. खळीने चिकटवलेल्या कागदाला कसर लागते आणि ती कपाटात शिरते. सेलोटेप भिंतीचा रंग सोलून घेते. कोकणातल्या पावसात ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नये, वीतभर अंतर ठेवावे. आणि तसबिरींच्या उंचीवर लावलेले काहीही दुसरीतले मूल वाचू शकत नाही.

मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले; मोबाइल नसलेली मुले तिथे उभी राहून शिकली. इकडे बंद ग्रंथालयांत बुरशी धरली. आमच्या शाळेत ग्रंथालयाचे दार पुन्हा उघडले तेव्हा एक संपूर्ण भिंत खरवडून काढावी लागली. ती नव्याने रंगवताना, पूर्वी जिथे मळखाऊ पट्टा असे, नेमका तेवढाच भाग मुलांसाठी काळ्या फळ्याच्या रंगाने रंगवला. महिन्याला एक वर्ग त्यावर खडूने चित्र काढतो. अट एकच: चित्रातले पुस्तक कपाटात असले पाहिजे, आणि त्याचा क्रमांक चित्राखाली लिहिला पाहिजे. माधुरी पुरंदऱ्यांचे ‘राधाचं घर’ तिसरीने निवडले होते. सहावीच्या मुलींनी फास्टर फेणेची सायकल काढली, आणि ते पुस्तक कपाटात परत येईचना. एकीकडून दुसरीकडे, तिच्याकडून तिच्या भावाकडे. शेवटी आम्ही दुसरी प्रत मागवली.