वहीतले रिकामे रकाने

साडेअकरा सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर याहून कमी भरला, की पट्टीवर लाल रंग दिसतो आणि ते मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत धरले जाते. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या अंगणवाड्यांत सेविकेला हे मोजमाप पुन्हापुन्हा करावे लागते. खांदा आणि कोपर यांचा नेमका मध्य शोधायचा, पट्टी कातडीला टेकवायची पण आवळायची नाही. मग वजन. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर निजवून, गुडघे हलकेच दाबून लांबी. शेवटी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते पाहायचे, कारण सुजलेले मूल काट्यावर बरे भरते. पाय झाडणाऱ्या, रडणाऱ्या लेकरावर हे सारे अचूक करणे हे कसब आहे, आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. पण पट्टीला कळतो तो दंड. तो बारीक का झाला, हे तिला कळत नाही. त्याचे उत्तर सेविकेच्या वहीत जिथे आकडाच नाही अशा रकान्यांत सापडते. दिवाळीनंतरच्या महिन्यांत अनेक नावांपुढे एकच शब्द असतो : स्थलांतरित.

खरिपाचे सोयाबीन विकले गेले, की गावात काम उरत नाही. कोरकू आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मैदानी मुलखातल्या शेतांवर जातात. बरीचशी परततात ती होळीला, कारण होळी हा त्यांचा मोठा सण. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते आणि मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. आता लेकराच्या पोटाचा हिशेब पाहू. सात किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे लहानशी वाटीभर अन्न मावते. त्यामुळे नवव्या महिन्यापासून अंगावरच्या दुधाखेरीज दिवसातून तीन-चार वेळा मऊ, तेल-डाळ घातलेले जेवण आणि मध्ये काही खाऊ लागतो. तो घास घाईने जात नाही. भरवणाऱ्याला बसावे लागते. आई बसली की विटा कमी पडतात, विटा कमी पडल्या की उचल फिटत नाही. मग लेकरू सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते आणि वाटीची जागा बिस्किटाचा पुडा घेतो. या घरात अन्न कमी असते हे खरे, पण त्याहून कमी असतो आईच्या हातातला वेळ, आणि तो वेळ मजुरीच्या पद्धतीनेच काढून घेतलेला असतो.

यावर पहिला आक्षेप अज्ञानाचा. लोक दवाखान्याऐवजी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जातात, पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचा ‘डंबा’ देतात, असे सांगितले जाते. हे घडते, ते घातक आहे आणि त्यात उपचाराचे मोलाचे दिवस जातात. पण मूळ कारण अज्ञान असते, तर दुखणे बारा महिने सारखेच राहिले असते. ते पावसाळ्यात वाढते. तेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते, मजुरी थांबलेली असते आणि हगवण, न्यूमोनिया घरोघर असतात. अंधश्रद्धेला ऋतू नसतो. दुसरा आक्षेप, आदिवासी मुले मुळातच लहान चणीची. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची वाढमानके सहा देशांतल्या मुलांवरून ठरली आणि त्यांत दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली मुलेही होती. पोटभर अन्न, आईचे दूध आणि आरोग्यसेवा मिळाली, तर भारतीय मूलही तितकेच वाढते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे : सरकार आहार देतेच की. एकात्मिक बालविकास योजना १९७५पासून आहे. अमृत आहार योजना २०१५पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण देते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले महाराष्ट्रात २०१५-१६मध्ये २५.६ टक्के होती आणि २०१९-२१मध्येही तेवढीच. तीव्र स्वरूपाची तर ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. योजना निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मी काढत नाही. अंड्याने आणि गरम जेवणाने फरक पडतोच. पण ताट गावात वाढले जाते आणि मूल भट्टीवर असते. शिवाय अठराच्या आत लग्न झालेली, स्वतःच रक्तक्षय असलेली आई नवव्या महिन्यापर्यंत ओझी उचलते, तेव्हा अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ जन्मण्याआधीच मागे पडलेले असते.

म्हणून आहाराच्या पाकिटाइतकाच विचार पाळणाघराचा व्हायला हवा. २००५च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तो केला होता : कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायचे. खासगी भट्टीवर असे कोणी क्वचितच असते. हिवाळ्यात गावातच काम मिळाले, तर मूल सेविकेच्या काट्यावर राहील, ही साधी गोष्ट आहे. पण हमीच्या कामाची मजुरी पंधरा दिवसांत देण्याचा नियम असूनही ती रखडते, हे लोकांनी पाहिलेले आहे. मुकादम मात्र दिवाळीच्या आधीच रोख मोजतो.